एकशे बाविसावं माप

लिमयेकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाच्या प्रसादाला, आणि आल्या आल्या त्यांनी प्रसादाच्या शिऱ्यात सुई खुपसली.

सुई विणकामाची. स्टीलची, वीतभर, आणि कानशीने घासून तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा पाडलेल्या. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी ती कायम असते. परातीत मध्यभागी एकदा, कडेला एकदा अशी ती खुपसून काकांनी डोळे बारीक केले, खूण वाचली आणि मला म्हणाले, "मध्ये साडेतीन, कडेला पाच. सारखा थापला नाहीस."

कॅनडातल्या किचनरमध्ये नवीन घर घेऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. सासूबाई खास नाशिकहून आल्या होत्या. त्यांनी शिऱ्याकडे बघितलं, सुईकडे बघितलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू हे शेजारी मी लग्नात माहेरून आणले होते. काकांच्या मागे उभ्या असलेल्या शैलाकाकू घाईघाईने म्हणाल्या, "धुतलेली आहे हो सुई! निघताना मी स्वतः धुऊन दिलीय."

तर हे आमचे शेजारी. पाच वर्षं झाली, आमच्या दोघांच्या मागच्या अंगणात एकच कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून मी या माणसाचं आयुष्य बघत आलेय. फुकट करमणूक म्हणा हवं तर.

काका मातीचे शास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात कॅनडात आले, सरकारी नोकरी केली, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. पण रिटायर ते फक्त पगारातून झाले. काम चालूच आहे, आणि ते काम काय आहे हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना, समजावून सांगितलं.

"अगं मीनल, पार उत्तरेला, इनुविक गावाच्याही वर, जमीन बाराही महिने गोठलेली असते. झाड नाही, काही नाही, नुसतं शेवाळ. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा थर वितळतो. तू फ्रीझरमधून आइस्क्रीमचा डबा काढून ओट्यावर ठेवलास आणि थोड्या वेळाने चमचा खुपसलास, तर काय होतं? आधी मऊ, मग एकदम टणक. चमचा किती आत गेला? बास. तेवढं मोजायचं. तीस वर्षं मी तेवढंच करतोय."

"आणि त्याचं होतं काय?"

"दर वर्षी चमचा थोडा जास्त आत जातो," काका म्हणाले, आणि कचऱ्याचा डबा सरळ रेषेत लावून आत गेले.

चमच्याच्या जागी त्यांच्याकडे सळई आहे. मीटरभर लांब, करंगळीएवढी जाड, वर आडवी मूठ. शंभर मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा टुंड्राचा एक तुकडा त्यांनी आखून घेतलाय. दर दहा मीटरवर एक झेंडी. अकरा ओळी, ओळीत अकरा झेंड्या, म्हणजे एकशे एकवीस. ऑगस्टच्या शेवटी, जमीन जास्तीत जास्त वितळलेली असते तेव्हा, प्रत्येक झेंडीपाशी सळई खुपसायची. खाली बर्फाला टेकली की काका ओरडणार, "लागलं!" आणि आकडा सांगणार. लिहिणाऱ्याने तो आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच वहीत उतरवायचा. परत म्हटला नाही तर काका पुढच्या झेंडीकडे हलत नाहीत. दगडाला लागलं तर सळई कशी वाजते आणि बर्फाला लागलं तर कशी, हे ते तोंडाने करून दाखवतात. दोन्ही आवाज मला सारखेच वाटतात, पण हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

ही सळई विमानातून न्यायची म्हणजे व्यापच. म्हणून काकांनी कुणाच्या तरी गराज सेलमधून गोल्फची एक जुनी बॅग आणली. सळई तिच्यात बरोब्बर मावते. समोरच्या घरातले वयस्कर गोरे गृहस्थ दर ऑगस्टला काकांना ती बॅग गाडीत टाकताना बघतात आणि परत आले की रस्त्यापलीकडून विचारतात, "काय मग, किती झाले?" काका अभिमानाने सांगतात, "एकशे एकवीस!" गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं असतं म्हणे. त्या बिचाऱ्याचा चेहरा पडतो. एकदा तो मला हळूच म्हणाला, इतक्या वर्षांत काडीची सुधारणा नाही, पण माणसाची हौस दांडगी आहे.

घरीसुद्धा हे सगळं चालूच. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी श्रीखंडाचा मोठा डबा फ्रीझरमधून थेट आणला. काकांनी त्यात नऊ ठिकाणी सुई खुपसली, तीन ओळी, ओळीत तीन, आणि जाहीर केलं, "कडेने सुटलंय, मध्ये गोठलेलं आहे. बारा मिनिटं थांबा." तीस माणसं हातात गरम पुऱ्या घेऊन उभी! माझा नवरा संजय म्हणाला, "काका, आम्ही कडेचं खातो की." काका म्हणाले, "कडेचं खाल्लंस तर मधलं वितळायचा वेग बदलेल." बारा मिनिटांनी श्रीखंड अगदी हवं तसं झालं होतं, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

पण काकांचं खरं वेड म्हणाल तर पाय. स्वतःचे नाहीत, लोकांचे. त्यांच्या मागच्या अंगणात डेकपासून शेडपर्यंत आणि तिथून आमच्या कुंपणातल्या फाटकापर्यंत लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत. पाहुण्याने फळीवरूनच चालायचं. कुणी गवतावर उतरलं की आतून आरोळी येते, "पाय!" आमची तन्वी एकदा बॉल आणायला तिकडे उतरली आणि धावत परत आली. "मॉम, व्हाय इज ही यलिंग 'पाय'? इज देअर पाय?" दोष तिचा नाही, इंग्रजीतला पाय खायचा असतो आणि भुकेच्या वेळी कुणालाही तसंच वाटेल.

ह्याचं कारण काकांनी मला नीट सांगितलं होतं. टुंड्रावरचं शेवाळ म्हणजे जमिनीची रजई. तिच्यावर पाय पडला की रजई चेपते. मग तिथे ऊन आत शिरतं, पाणी साचतं आणि तेवढ्या पावलापुरती जमीन जास्त खोल वितळते. "एक पाऊल पडलं ना, तर वीस-वीस वर्षं दिसतं," ते म्हणाले होते. म्हणून तिथेही फळ्या, आणि सवय सुटत नाही म्हणून इथेही फळ्या.

मजा अशी, की शैलाकाकू मात्र खुशाल गवतावरून चालतात. मुद्दाम, फळीला वळसा घालून, चपला फटफट वाजवत. काकांची हूं की चूं नाही. ते तेवढ्यापुरते आकाशाकडे बघतात.

त्या मुद्दाम चालण्यामागे एक जुनी तक्रार आहे आणि ती काकू प्रत्येक पॉटलकला सांगतात. मला आता ती पाठ आहे, पण त्या सांगतात इतकी रंगवून की मी दर वेळी ताट घेऊन पुढे सरसावते.

"अठ्ठावीस वर्षं झाली बघ. ह्यांचा लिहिणारा माणूस आजारी पडला, म्हणून मला घेऊन गेले. मी आपली फार्मसीतून सुट्टी काढून गेले हौसेने. डास असे, की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. दोन दिवस आकडे परत म्हणतेय, लिहितेय. नेमका ह्यांचा वाढदिवस आला. तिथे ना शिरा, ना काही. बघते तर फळीपासून दोन पावलांवर नारिंगी बेरी, अशी पिकलेली! म्हटलं चार वेचू, साखर घालून देऊ ह्यांना. उतरले आणि वेचत बसले. तर हा माणूस," इथे काकू हातातला काटा काकांकडे रोखतात, "असा ओरडला, असा ओरडला! शैला, पाय! सगळ्यांसमोर! लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, एकदाच ओरडलेत, पण ते तिथे. ओंजळीतल्या बेरी तिथेच टाकल्या मी. म्हटलं, लखलाभ असो तुमचा टुंड्रा. परत पाऊल ठेवलं नाही."

सगळे हसतात. काका ताटात बघत कोशिंबीर चिवडतात. आजवर एकदाही त्यांनी स्वतःची बाजू मांडलेली नाही.

परत येताना मात्र ते दर वर्षी एक बाटली आणतात. त्याच नारिंगी बेरीचा जाम, तिकडे अकपिक म्हणतात तिला. काही न बोलता ओट्यावर ठेवतात. काकू ती न उघडता कुंपणावरून माझ्याकडे ढकलतात. "एअरपोर्टवर शेवटच्या मिनिटाला काहीतरी उचलतात झालं. मला बिया लागतात दाताखाली, तू घे." मला काय, मी घेत आले. आंबटगोड, फारच छान लागतो.

यंदा जुलैत काकांचा खुबा बदलला. ऑपरेशन झकास झालं, पण सर्जनने प्रवासाला साफ नाही म्हटलं. काका वॉकर घेऊन घरात फेऱ्या मारू लागले, आणि फेऱ्यांची लांबी मोजू लागले. मोजणीला मेगन जाणार होती. मेगन म्हणजे काकांची एके काळची विद्यार्थिनी. आता तिचेही केस पिकलेत आणि त्या जागेची सगळी जबाबदारी तिच्याकडेच आहे. पण काकांनी तिला अशा सूचना दिल्या की जणू ती सळई आयुष्यात पहिल्यांदा धरणार होती.

त्यांचं काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं होतं. आमटी नेऊन दिली तर सुई बाहेर निघाली नाही. शेवटी एका दुपारी, काकू आत मिक्सरवर चटणी वाटत असताना, ते मला म्हणाले, "मीनल, एक माप राहून जाणार यंदा."

"मेगन घेणार आहे ना सगळी?"

"एकशे एकवीस घेईल."

"मग?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "एकशे बाविसावं," ते म्हणाले. तेवढ्यात मिक्सर थांबला आणि काका एकदम विंटर टायर्सबद्दल बोलायला लागले. ऑगस्टमध्ये!

मोजणीच्या दिवशी मेगन संध्याकाळी कॅम्पवरून फोन करणार होती. आकडे लिहून घ्यायला काकांनी मला बोलावलं. मी गेले तर त्यांचं एकच पालुपद, "शैला, तू ग्रोसरीला कधी निघतेस?" काकू म्हणाल्या, "आज काय माझ्यामागे लागलेत कोण जाणे," आणि पिशव्या घेऊन निघाल्या. गाडी ड्राइव्हवेबाहेर पडल्याची खात्री करून काकांनी रिक्लायनरच्या उशीखालून एक लाल डायरी काढली आणि माझ्या हातात दिली.

दर पानावर एक वर्ष. वर लिहिलेलं, शै. खाली तीनच आकडे. उजवा, डावा, शेजारी. पहिल्या पानावर उजवा अठ्ठावन्न, डावा सत्तावन्न, शेजारी एक्केचाळीस.

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं.

"काकूंची पावलं? बेरी वेचायला उतरल्या ती?"

"दोन्ही बूट नीट उमटले होते. ते गणतीत धरता येत नाही. ती जागा बिघडलेली, शास्त्राच्या हिशेबाने टाकाऊ. पण मी घेत आलो. दुपारी सगळे जेवायला बसले की मी मागे राहायचो आणि घ्यायचो. कुणाला माहीत नाही."

मी पानं उलटत गेले. शेजारचा आकडा वर्षागणिक वाढत होता. पंचेचाळीस, एकोणपन्नास, चोपन्न. पावलांचा फारसा हलत नव्हता.

"शेवाळ भरत आलंय पावलात," काका म्हणाले, "आणि आजूबाजूची सगळीच जमीन खोल चाललीय. गेल्या वर्षी चारच सेंटिमीटरचा फरक होता. यंदा मोजलं नाही आणि पुढच्या वर्षी फरकच उरला नाही, तर ती पावलं संपली कधी हे मला कळणारच नाही." मग म्हणाले, "शैलाला सांगू नकोस. हसेल."

"मग मेगनला सांगा ना घ्यायला!"

"कसं सांगू?"

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. मेगन एकेक आकडा सांगत होती, काका परत म्हणत होते, मी लिहीत होते. एकशे एकवीस व्हायला पाऊण तास लागला. मग तिकडून नुसता वाऱ्याचा आवाज. काकांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"तू विचार. मला इंग्रजीत नाही सांगता येणार."

पन्नास वर्षं झाली या माणसाला कॅनडात! परिषदांमधून भाषणं ठोकलीत, पार्किंगच्या दंडासाठी कोर्टात जाऊन भांडलेत, सगळं इंग्रजीत. मी कपाळावर हात मारला, त्यांचा हात फोनवरून बाजूला केला आणि सुरू केलं. "मेगन, आणखी एक छोटीशी गोष्ट होती. सहाव्या ओळीपाशी, फळीच्या डाव्या हाताला, तिथे दोन जुने..."

"ओ, यू मीन शैला?" मेगन म्हणाली. "ते तर मी सकाळीच घेतलं. सगळ्यात आधी."

काका फोनकडे झुकले. "तुला ठाऊक होतं?"

तिकडून हसू आलं. ती म्हणाली की सगळ्यांनाच ठाऊक आहे. नकाशावरसुद्धा शैला असंच लिहिलंय, नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी सांगतात, शैलावर पाय द्यायचा नाही. तुम्हाला एकट्याला वेळ मिळावा म्हणूनच आम्ही लवकर जेवायला बसायचो. मग तिने आकडे सांगितले. उजवा त्रेसष्ट, डावा बासष्ट. शेजारी साठ.

काकांनी परत म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. मी पेन धरून बसलेली. नियम म्हणजे नियम, परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही.

"त्रेसष्ट, बासष्ट," दारातून आवाज आला. "शेजारी साठ. लिही गं."

काकू गराजकडच्या दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून कोथिंबीर बाहेर आलेली. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. मी मुकाट्याने लिहिलं. मेगनला थँक यू म्हणून फोन ठेवला. काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या, माझ्या हातातून लाल डायरी घेतली आणि उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. सगळी पानं वाचली. चष्मा काढून पदर नसलेल्या टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा वाचली.

"अठ्ठावीस वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगायला काय झालं होतं हो?"

"विषय निघाला नाही," काका म्हणाले.

"मी दर पॉटलकला काढते विषय!"

काकूंना एकदम काहीतरी आठवलं. "आणि ती जामची बाटली?"

"तीच बेरी. त्या दिवशी टाकून दिलीस ना."

काकू सावकाश माझ्याकडे वळल्या. "मीनल, तू किती बाटल्या नेल्यास?"

"पाच," मी म्हणाले. आयुष्यात इतकं ओशाळं वाटलं नव्हतं. पाच वर्षं मी दुसऱ्याच्या बायकोसाठी आणलेली माफी टोस्टला लावून खाल्ली होती.

"पाच," काकांनी सवयीने परत म्हटलं.

काकूंना हसू फुटलं. रडता रडता हसल्या, मग काकाही हसायला लागले आणि खुबा दुखतो म्हणून थांबले. काकू त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. डायरीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे आता दोन-तीनच सेंटिमीटर राहिलेय मी."

"हं."

"मग पुढच्या वर्षी येते मी तुमच्याबरोबर. परत उतरते आणि उभी राहते. होऊ दे पुन्हा खोल."

"अजिबात नाही!" काका रिक्लायनरमधून जवळजवळ उठलेच. "फळीवरून खाली पाय टाकायचा नाही! अगं, वर्षानुवर्षांचं मोजमाप आहे ते, खेळ वाटला का तुला?"

"बघ, ओरडले," काकू मला म्हणाल्या. पण चेहरा कुठे तक्रारीचा होता!

काका परत टेकून बसले. खिशातली सुई काढली, उगाच बोटांत फिरवली, परत खिशात ठेवली. मी निघायला उठले, चपला घातल्या, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"उतरलीस तर जुन्याच ठशांवर उतर. नवीन नको."

मी मागच्या दाराने बाहेर आले आणि फळीवरूनच घरी गेले.